ठोसा लागतो, पण हात कुठे राहतो? ठोसेबाजीतल्या या चुका टाळा

नॉकआउटच्या क्लिपा बघून बॉक्सिंग शिकायला आलेला मुलगा पहिल्याच दिवशी ओळखू येतो. हाताचं बँडेज धड बांधलेलं नसतं, पण सरावाच्या टांगत्या बॅगेवर असा काही हात फिरवतो की बॅग छताला लागावी. दहा सेकंद जोश, मग दम लागतो आणि खांदे गळतात. त्याचा दोष नाही. त्याने पाहिलेल्या क्लिपमध्ये ठोसा लागण्याचा क्षण तेवढा होता. आधी पाय कुठे होते, मारणाऱ्याने समोरच्याला कसं फसवलं, मारल्यावर हात कुठे गेला, हे सगळं कापून टाकलेलं असतं. शिकण्यासारखं नेमकं तेच असतं.

म्हणून खाली चुका सांगताना गाजलेल्या लढती घेतल्या आहेत, आणि त्यातही शक्यतो अशा, जिथे एका मोठ्या बॉक्सरची चूक सगळ्या जगाने पाहिली आणि पुढे त्यानेच ती सुधारून दाखवली. चूक आणि दुरुस्ती एकाच माणसात पाहायला मिळाली की डोक्यात पक्की बसते.

जॅब टाकून हात खाली सोडणं

सर्वांत जुनी, सर्वांत महाग पडणारी आणि सर्वांत उशिरा सुटणारी चूक ही. डावा हात जॅबसाठी, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट ठोशासाठी, सरळ जातो, पण परत येताना गालाकडे न येता छातीकडे, कधी कमरेकडे वळतो आणि मग सावकाश वर येतो. एवढ्या वेळात समोरच्याचा उजवा हात तुमच्या जबड्यावर पोचून परतही गेलेला असतो.

अमेरिकेचा हेवीवेट बॉक्सर जो लुईस १९३६ साली २२ वर्षांचा होता, एकही लढत हरलेला नव्हता. जर्मनीचा माजी हेवीवेट विजेता माक्स श्मेलिंग तिशी ओलांडलेला. लोक त्याला संपलेला समजत होते. पण श्मेलिंगने डिसेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कला रिंगच्या कडेला बसून लुईसची पाउलिनो उझकुडुनबरोबरची लढत पाहिली होती, आणि त्याच्या लढतींच्या फिल्म पुन्हा पुन्हा पाहिल्या होत्या. त्याला एक गोष्ट दिसली. लुईस जॅब टाकल्यावर डावा हात खाली आणतो. १९ जून १९३६ रोजी यांकी स्टेडियमवर श्मेलिंगने जवळपास एवढ्या एकाच गोष्टीवर लढत उभी केली. जॅब येऊ द्यायचा, हात खाली पडला की त्याच्यावरून उजवा टाकायचा. चौथ्या फेरीत लुईस खाली बसला, बाराव्या फेरीत संपला.

लुईसचा प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्न स्वतः जुना मुरलेला बॉक्सर. लुईसकडे ताकद होती, वेग होता, कमी होती ती एका सवयीची. ती घोटून घेतली गेली. २२ जून १९३८ रोजी त्याच यांकी स्टेडियमवर पुन्हा हेच दोघे उभे राहिले. मधल्या काळात लुईस जगज्जेता झाला होता, आणि हिटलरच्या जर्मनीमुळे या लढतीवर राजकारणाचं भलतंच ओझं आलं होतं. लढत चालली २ मिनिटं ४ सेकंद. श्मेलिंगला त्या उजव्या हातासाठी जागाच मिळाली नाही. या लढतीचं चित्रीकरण सहज मिळतं. पहिल्यांदा पाहताना नजर ठोशांवर जाते. दुसऱ्यांदा फक्त लुईसचे कोपर बघा. ठोसे आखूड आहेत, एकामागून एक येतात आणि प्रत्येक हात पुढच्या ठोशाच्या जागेवर परत येतो.

मुहम्मद अलीसारख्या माणसालाही असलीच खोड भोवली. उजवा अपरकट (खालून वर जाणारा ठोसा) मारताना तो आधी उजवा हात खाली न्यायचा. जो फ्रेझिअरच्या गोटातल्या एडी फचने हे हेरलं आणि त्या क्षणी डावा हुक (बाजूने वळून येणारा ठोसा) टाकायचा, असं फ्रेझिअरकडून घोटून घेतलं. ८ मार्च १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, पंधरावी फेरी. अली पाठीवर पडला तो याच डाव्या हुकने. उठला लगेच, ती गोष्ट वेगळी, पण निकाल फ्रेझिअरच्या बाजूने गेला.

आता तुमच्या क्लबात. तुम्हाला वाटतं हात परत येतोय, पण तो येत नसतो. ही चूक आतून कळतच नाही. संवाद नेहमी असाच होतो:

"सर, जॅब लागतोय ना बरोबर?"

"लागतोय रे. पण हात कुठे विसरून आलास?"

मोबाइल एका बाजूला उभा करून एक फेरी शॅडो बॉक्सिंग (हवेतच ठोसे मारायचा सराव) रेकॉर्ड करा आणि हळू वेगाने बघा. समोरून नको, बाजूनेच. समोरून हात खाली येतो ते नीट दिसत नाही. हात गेला त्याच रेषेने परत येतोय का, आणि येऊन गालाला टेकतोय का, एवढंच तपासायचं. चूक दिसली की पुढचे काही दिवस बॅगेवर जोर अर्धा करा आणि प्रत्येक जॅबनंतर अंगठा गालाच्या हाडाला लागला पाहिजे, असा नियम ठेवा. ठोसे झेलायला हातात पॅड धरणारा मित्र असेल तर त्याला सांगा, जॅब घेतल्याबरोबर दुसऱ्या पॅडने माझ्या गालावर हलकी टपली मार. गार्ड, म्हणजे चेहरा झाकणारा हात, जागेवर असेल तर टपली ग्लोव्हवर बसेल. नसेल तर कुठे बसेल ते सांगायला नको. माझ्या मते याच्याइतका लवकर सुधारणारा दुसरा उपाय नाही. व्हिडिओ पाहून मान डोलावणारी मुलं टपलीनेच सुधारतात.

हात खाली पडण्याचं एक साधं कारण दमही असतं. पहिल्या फेरीत गार्ड वर आणि तिसऱ्यात छातीवर, असं होत असेल तर ती तंत्राची चूक नाही, खांद्यात तग नाही एवढंच. मग उपाय वेगळा. दोरीवरच्या उड्या वाढवा आणि फेरीच्या शेवटच्या मिनिटात मुद्दाम हलके, पण न थांबता सरळ ठोसे मारा.

ताकद दंडात शोधणं

बॅगेवर दणकून मारता, बॅग लांब झोके घेते, पण आवाज "धप्प" असा बसका येतो. याचा अर्थ तुम्ही ढकलताय. नीट बसलेल्या ठोशाने बॅग जागच्या जागी दचकते, थोडी दुमडते, आणि आवाज कोरडा, टणक येतो. बॅग झुलायला लागली की समजायचं, मूठ लागल्यावरही हात पुढे रेटला जातोय किंवा तुम्ही बॅगेच्या फार जवळ उभे आहात.

ठोसा जमिनीतून निघतो. उजवा क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, मारताना मागच्या पायाची टाच उचलली जाते आणि बाहेर फिरते, त्याबरोबर कंबर वळते, कंबरेमागोमाग खांदा, आणि हात सगळ्यात शेवटी. मूठ शेवटच्या क्षणी वळते आणि त्याच क्षणी घट्ट होते. तोवर हात सैल. सुरुवातीपासून मूठ आवळून, दंड फुगवून मारलेला ठोसा हळू जातो, आणि मारणाराच आधी दमतो. तपासायची सोपी खूण: क्रॉस मारल्यावर तसेच थांबा आणि खाली बघा. मागची टाच जमिनीला चिकटलेली असेल तर कंबर वळलेलीच नाही. जे काही मारलंत ते नुसत्या दंडाने.

जॉर्ज फोरमनच्या हातात जन्मजात दारूगोळा होता. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी आफ्रिकेतल्या किन्शासात अलीपुढे उभा राहिला तेव्हा ४० पैकी ४० लढती जिंकलेला, त्यातल्या ३७ नॉकआउटने. त्या पहाटे त्याने काय केलं? अली दोरांना टेकून पाठीमागे रेलला, हातांनी चेहरा झाकला, आणि फोरमन लांबून, रुंद, गोल हात फिरवत राहिला. बरेचसे ठोसे अलीच्या हातांवर आणि कोपरांवर गेले. उष्ण, दमट हवा. सहाव्या-सातव्या फेरीपर्यंत हातात जीव राहिला नाही आणि आठव्या फेरीत अलीच्या वेगवान डाव्या-उजव्याने तो गोल फिरत खाली गेला.

आणि मग वीस वर्षांनी, ५ नोव्हेंबर १९९४, लास व्हेगास. तोच फोरमन, वय ४५, अंगावर किन्शासातलीच चड्डी. समोर २६ वर्षांचा अपराजित डावखुरा मायकल मूरर. नऊ फेऱ्या मूरर आरामात पुढे होता, तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर. या वेळी फोरमनने हात फिरवायची घाई केली नाही. जॅब टाकत राहिला, मार खात राहिला, मूररला समोर आपल्या टप्प्यात उभं राहायची सवय लावली. दहाव्या फेरीत डावा, आणि त्यामागोमाग सरळ उजवा. उजवा हात जेमतेम फूटभर गेला असेल. मूरर उठला नाही. किन्शासात हजारो लोकांसमोर वाया घालवलेली ताकद पंचेचाळिसाव्या वर्षी एका आखूड रेषेत बसवलेली होती. वजनदार हाताच्या मुलांना मी ही लढत आवर्जून पाहायला सांगतो. पहिल्या नऊ फेऱ्या कंटाळवाण्या वाटतात, तरी पुढे ढकलू नका.

हुकमध्ये हीच चूक वेगळ्या रूपात येते. कोपर मागे नेऊन लांबून हात फिरवला की मुठीऐवजी ग्लोव्हचा आतला भाग लागतो, म्हणजे चापट बसते. हौशी स्पर्धांत याला गुण नाहीत. ग्लोव्हचा बोटांच्या सांध्यांवरचा भागच लागला पाहिजे, आणि उघड्या ग्लोव्हने मारत राहिलात तर रेफरी ताकीद देतो. हुक मारताना कोपरापासून पुढचा हात आणि मूठ एका रेषेत, कोपर वाकलेलंच, आणि फिरते ती कंबर. सरळ ठोशात कोपर बाहेर निघतं का हे पाहायचं असेल तर भिंतीला खांदा जवळ ठेवून उभे राहा आणि हळू जॅब टाका. कोपर भिंतीवर आपटलं की उत्तर मिळालं.

अंतर नसताना झेपावणं

ठोसा पोचत नाही म्हणून डोकं पुढे टाकणं. पाय मागे राहतात, नाक गुडघ्याच्या पुढे जातं, आणि समोरच्याने काहीच केलं नाही तरी तोल गेलेला असतो. त्याने केलंच तर तुमचा वेग आणि त्याचा वेग एकत्र होऊन तुमच्या हनुवटीवर बसतो.

याचं उदाहरण एकच पुरे. मॅनी पॅकियाव आणि हुआन मॅन्युएल मार्केझ, चौथी लढत, ८ डिसेंबर २०१२, लास व्हेगास. तिसऱ्या फेरीत मार्केझने पॅकियावला पाडलं होतं, पाचव्या फेरीत पॅकियावने मार्केझला. सहाव्या फेरीत पॅकियाव जोरात होता, मार्केझच्या नाकातून रक्त येत होतं. फेरी संपायला एक-दोन सेकंद उरलेले. डावखुरा पॅकियाव उजव्या जॅबसोबत आत झेपावला आणि मार्केझने बाजूला सरकत आखूड उजवा टाकला. पॅकियाव तोंडावर पडला तो बराच वेळ हलला नाही. मार्केझने वजन आपल्या पायांवर राखलं होतं, पॅकियावचं वजन आधीच पुढे निघून गेलं होतं.

उपाय पायांचा आहे. आधी पुढचा पाय सरकवा, मग हात. पाय पोचत नसेल तर मारू नका, अजून अर्धं पाऊल घ्या. मारताना पुढचा गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे जात असेल तर तुम्ही झेपावताय.

सगळे ठोसे डोक्यालाच

नवख्यांच्या स्पारिंगमध्ये (जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या लढतीत) शरीरावर ठोसा क्वचितच दिसतो. डोकं हलतं, लहान असतं, हातांनी झाकलेलं असतं. धड मोठं असतं आणि फारसं हलत नाही. तरी सगळ्यांना डोकंच हवं असतं, कारण क्लिपमध्ये तेच पडताना दिसतं.

शरीरावर मारण्याचे दोन फायदे. पहिला म्हणजे गार्ड खाली येतो. शुगर रे रॉबिन्सनने हे १ मे १९५७ ला शिकागोत दाखवलं. त्याच वर्षी २ जानेवारीला जीन फुलमरने त्याला गुणांवर हरवून मिडलवेटचं विजेतेपद घेतलं होतं. फुलमर दणकट, अंगावर येणारा, आणि तोवर कधी नॉकआउट न झालेला. रॉबिन्सनचा छत्तिसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. त्याने फुलमरच्या अंगावर उजवे हात टाकत त्याचं लक्ष खाली वळवलं आणि पाचव्या फेरीत मागे सरकता सरकता एक डावा हुक हनुवटीवर ठेवला. मागे जाताना मारलेला ठोसा दुबळा असतो, असं सगळे शिकवतात, आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. इथे फुलमर स्वतःच पुढे येत होता आणि रॉबिन्सनच्या पायांनी वजन मारण्यापुरतं रोखलं होतं. ठोशांच्या कारागिरीत मला याच्या जवळ जाणारं दुसरं काही आठवत नाही. जानेवारीत पंधरा फेऱ्यांत जमलं नाही ते मे महिन्यात एका हुकने झालं.

दुसरा फायदा यकृत. ते शरीराच्या उजव्या बाजूला, खालच्या बरगड्यांच्या आत असतं, म्हणून त्याच्यावरचा खास ठोसा डाव्या हुकचा. नीट लागला की एखादा क्षण काहीच होत नाही, मग श्वास अडकतो आणि पाय आपोआप दुमडतात. डोकं पूर्ण शुद्धीवर असतं, पण उठता येत नाही. १८ सप्टेंबर २००४ रोजी बर्नार्ड हॉपकिन्सने ऑस्कर डी ला होयाला नवव्या फेरीत असाच पाडला. ऑस्कर जमिनीवर हात आपटत राहिला, मोजणी संपली तरी उठू शकला नाही. ७ नोव्हेंबर २०१९ ला जपानमध्ये सायतामा इथे नाओया इनोउएने नोनितो डोनायरला अकराव्या फेरीत हाच ठोसा मारला. डोनायर कसाबसा उठला आणि लढत पुरी केली, हे त्याचं मोठेपण.

शरीरावर मारताना कंबरेतून वाकू नका, गुडघे मोडून खाली जा. कंबरेतून वाकलात की डोकं पुढे येतं आणि समोरचा अपरकट घेऊन वाटच पाहत असतो. आणि दुसरा हात गालावरच. शरीरावरचा ठोसा जेवढा खाली, तेवढी तुमची बाजू उघडी पडते. स्पारिंगमध्ये मात्र यकृतावर जोर लावू नका. जोडीदार उद्याही यायला हवा.

मोठ्यांची नक्कल

हात कमरेला सोडून, डोकं मागे झुकवून अली वाचायचा, कारण त्याची नजर आणि पाय तसे होते. आपल्याकडे अखिल कुमार हात खाली ठेवून खेळायचा आणि त्याच शैलीत त्याने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये रशियाचा जगज्जेता सर्गेई वोदोप्यानोव्हला हरवलं, ९-९ बरोबरीनंतर. दोघांची नक्कल करणारी मुलं जिल्हा स्पर्धेच्या पहिल्या फेरीत घरी जातात. गार्ड आधी वर ठेवायला शिका. खाली सोडायचा की नाही ते पुढे तुमची नजरच ठरवेल.

हात जपणं

ठोसा चांगला, पण हाताचा सांधाच गेला तर? १५ एप्रिल १९८५ ला मार्विन हॅगलर आणि थॉमस हर्न्स यांची पहिली फेरी बॉक्सिंगच्या इतिहासातल्या सर्वांत तुफान फेऱ्यांपैकी एक. हर्न्सचा उजवा हात त्या काळातला सर्वांत भीतिदायक, आणि तोच त्या फेरीत हॅगलरच्या डोक्यावर मोडला. तिसऱ्या फेरीत लढत संपली. कपाळ आणि डोक्याचा वरचा भाग हे शरीरातलं फार कठीण हाड. चांगला बचाव करणारा मुद्दाम हनुवटी खाली घालून तोच भाग पुढे करतो. म्हणून नेम हनुवटीच्या उंचीला ठेवा आणि समोरचा डोकं खाली घालतोय हे दिसलं की हात शरीराकडे वळवा.

दुखण्याची जागा बरंच सांगते. करंगळीच्या बाजूचं हाड दुखत असेल तर मूठ तिरकी लागतेय, विशेषतः गोल फिरवलेल्या ठोशात. भार तर्जनी आणि मधल्या बोटाच्या सांध्यावर यायला हवा. मनगट दुखत असेल तर लागताना ते आत मोडतंय. आधी हलक्या बॅगेवर सरळ ठोसे पक्के करा, हुक नंतर. बॅगेला हात न लावता नुसत्या शॅडो बॉक्सिंगनंतर कोपर दुखत असेल तर हवेत हात पूर्ण ताणून झटका देताय. हवेत अडवायला काही नसतं, तिथे कोपर किंचित वाकलेलंच थांबवा. अंगठा मुठीच्या आत घालायची सवय असेल तर ती आजच मोडा.

बँडेज साधारण १८० इंची, म्हणजे साडेचार मीटरचं घ्या. लहान, रबरी जाळीचे तयार मोजे बॅगेसाठी चालतात, पण ते मनगट धरत नाहीत. आधी अंगठ्यात फास, मग मनगटाला तीन-चार वेढे, सांध्यांवर तितकेच, बोटांच्या मधून, आणि उरलेलं पुन्हा मनगटावर. बांधताना बोटं पसरलेली ठेवा, नाहीतर मूठ आवळल्यावर ते रक्त अडवतं. बोटांना मुंग्या आल्या किंवा नखं निळसर दिसली तर सोडून पुन्हा बांधा. जड बॅगेवर जिमचे पातळ ग्लोव्ह घालू नका. तिथे बारा औंसांच्या खाली जायचं कारण नाही, स्पारिंगला बहुतेक मोठ्यांसाठी सोळा.

हात सुजला, मूठ वळताना एखादा सांधा आत गेलेला दिसला, किंवा एका बोटाची दिशा बदललेली दिसली तर बर्फ लावून वाट पाहत बसू नका. एक्स-रे काढा, आणि डॉक्टर सांगतील तोवर बॅगेला हात लावू नका. तोवर दुसऱ्या हाताचा जॅब आणि पाय यांवर काम करता येतं.